आधी पूल बघा, मग रस्ता: कन्हानच्या खोऱ्यात गाड्यांविना सायकल

नदीकाठचा रस्ता म्हटलं की झाडी, पाणी आणि मोकळं डांबर डोळ्यांपुढे येतं. नागपूर जिल्ह्यात मात्र नदी आली की रेती आली, आणि रेती आली की टिप्पर आले. त्यातच कन्हान आणि कोलार या नद्यांच्या पट्ट्यात कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं, खाली मौद्याचं, मधे सिल्लेवाडा-गोंडेगावच्या कोळसा खाणी आणि वर खाप्याकडे गुमगावची मँगनीजची खाण. नकाशावर नदीला चिकटून गेलेली रेघ दिसली म्हणून तीच धरली, तर दिवसभर राख, धूळ आणि हॉर्न वाट्याला येतो. तरीही याच खोऱ्यात असे रस्ते आहेत, जिथे तासाभरात दोन मोटरसायकली, एक बैलबंडी आणि शाळेला निघालेली पोरं एवढंच भेटतं. ते शोधायचे कसे आणि त्यांवर सायकल चालवायची कशी, ते इथे दिलं आहे.

पूल कुठे आहेत?

गाडीवाल्याला नदीकाठाने फिरायचं नसतं, त्याला पलीकडे जायचं असतं. म्हणून वाहतूक पुलाकडे ओढली जाते. दोन पुलांमधला काठ, त्यातही ज्या बाजूला महामार्ग नाही तो काठ, फक्त तिथल्या गावांपुरता उरतो. आपल्याला हवा तो हाच.

कन्हानचंच बघा. ती छिंदवाड्याकडून, सातपुड्यातून खाली येते. बिना संगमाला तिला पेंच नदी मिळते. कन्हान गावाजवळ जबलपूरचा महामार्ग आणि हावड्याची रेल्वे तिला ओलांडतात. पुढे माथनीजवळ भंडाऱ्याचा महामार्ग, म्हणजे जुना ६ आणि आताचा ५३ क्रमांकाचा, ती पार करून मौद्याला जातो. शेवटी आंभोऱ्याला ती वैनगंगेत मिसळते. माथनीच्या खाली डावा काठ मौद्याचा: महामार्ग, वीजकेंद्र, राईस मिल सगळं त्याच बाजूला. उजवा काठ कुही तालुक्याचा. तिथे लांबच्या ट्रकांना काही कामच नाही. कुही, मांढळ, वेलतूर, आंभोरा ही गावं आणि त्यांना जोडणारे ग्रामीण रस्ते ही सायकलसाठी या खोऱ्यातली सगळ्यात चांगली पट्टी आहे.

पूल झाला की चित्र कसं बदलतं, त्याचं उदाहरणही तिथेच आहे. आंभोऱ्याहून पलीकडे भंडारा जिल्ह्यात जायला पूर्वी नाव लागायची. त्यामुळे वेलतूरच्या पुढचा रस्ता म्हणजे रस्त्याचं टोक होतं. जानेवारी २०२४ मध्ये केबलचा पूल सुरू झाला, त्यावर उंच गॅलरीही आहे, आणि तो रस्ता आरपार झाला. पूल बघायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. हे शेवटचे काही किलोमीटर शांततेत करायचे असतील तर मधल्या वारी जा, नाहीतर रविवारी सकाळी नऊपर्यंत तिथे पोचा आणि दहाच्या आत परत फिरा. चैतन्येश्वराच्या जत्रेला, म्हणजे महाशिवरात्रीला, हा रस्ता सायकलसाठी विसरा.

रस्ता निवडताना उपग्रहाचं चित्र उघडा आणि नदीपासून एक ते तीन किलोमीटर आत, नदीला साधारण समांतर जाणारे रस्ते शोधा. काठाला अगदी लागून चांगला रस्ता क्वचितच असतो. पुराचं पाणी येतं म्हणून जुनी गावं उंचवट्यावर वसली आणि त्यांना जोडणारे रस्तेही तिथूनच गेले. आता धोक्याच्या खुणा बघा. गावातून नदीकडे निघालेली, शेतातल्या पांदणीच्या दुप्पट रुंदीची, पिवळट-पांढरी वाट आणि तिच्या टोकाला पात्रात चाकोऱ्यांचं जाळं दिसलं, तर तो रेतीघाट. राखाडी रंगाचा मोठा चौकोनी तलाव दिसला तर तो वीजकेंद्राचा राखेचा तलाव. काळे ढिगारे म्हणजे कोळसा. असा घाट किंवा तलाव ज्या रस्त्याने महामार्गाला जोडला असेल, तो रस्ता यादीतून काढून टाका. पुढचा फाटा बघा.

चित्र वर्ष-दोन वर्षं जुनं असू शकतं आणि घाट लिलावाप्रमाणे बदलतात, म्हणून शेवटची खात्री गावातच करायची. पानठेल्यावर थांबून "रेतीच्या गाड्या सुरू आहेत का, अन् कोणत्या टायमाला चालतात?" एवढंच विचारा. नेमकं उत्तर मिळतं, कारण त्या धुळीचा त्रास सगळ्यात जास्त त्यांनाच असतो. पावसाळ्यात घाट बंद असतात. ते पुन्हा सुरू झाले की ऑक्टोबरपर्यंत शांत असलेला रस्ता एका आठवड्यात बदलू शकतो. तेव्हाच बाजाराचा दिवसही विचारून घ्या. त्या दिवशी सकाळी नऊनंतर ऑटो, छोटे टेम्पो आणि बकऱ्या घेऊन निघालेली माणसं अशी सगळी गर्दी त्याच एका रस्त्यावर असते.

प्रत्यक्ष रस्त्यावर आल्यावर मैलाचा दगड बघा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा, आणि केशरी असेल तर ग्रामसडक. दिवसभरात जास्तीत जास्त केशरी दगड दिसतील असा मार्ग आखा. एखाद्या फाट्यावर मोबाइल अडला, तर दगडाचा रंग बघून निर्णय घेतला तरी सहसा चुकत नाही.

नकाशावरचा रस्ता पाण्यात जातो तेव्हा

कुही तालुक्यात एक गोष्ट नवख्याला हमखास फसवते. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. पाणी साठायला लागलं तसं ते वैनगंगेतून आणि कन्हानमधून मागे सरकत या बाजूला आलं. काठची गावं उठली आणि वर नव्या जागी वसली. पण मोबाइलच्या नकाशात जुने रस्ते अजून ठसठशीत दिसतात. त्यांवरून गेलं की डांबर चांगलं असतं, दोन्ही बाजूंना कडुनिंब-चिंचेची झाडं असतात, आणि एका वळणानंतर रस्ता सरळ पाण्यात उतरतो. जलाशय भरलेला असताना हे टोक जास्त अलीकडे येतं, उन्हाळ्यात मागे सरतं.

म्हणून मार्ग आखताना उपग्रहाच्या चित्रात प्रत्येक रस्ता शेवटपर्यंत डोळ्यांनी चालून बघा. गावाच्या नावापुढे "जुना" किंवा "पुनर्वसन" लिहिलेलं असेल तर तिथे विशेष थांबा. पुनर्वसनातली नवी गावं लगेच ओळखू येतात: सरळ रेषेतले रुंद रस्ते, एकसारखे प्लॉट, झाडं कमी. तिथले रस्ते सायकलला उत्तम असतात, पण सावली नसते, हे लक्षात ठेवा. पाण्यात गेलेल्या टोकाला सायकल घेऊन उतरू नका. बुडालेल्या डांबरावर शेवाळ आणि गाळ असतो, आणि कडेला खोली किती ते दिसत नाही.

केव्हा निघायचं

दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. मार्चमध्ये सकाळी नऊपर्यंत चालतं. एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या घरात असताना, पहाटे निघून साडेसातला घरी, एवढीच फेरी करा. मेअखेरच्या नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तीही नको. पावसाळ्यात हिरवळ अप्रतिम असते, पण तेव्हाचे नियम वेगळे, ते पुढे येतात.

डिसेंबर-जानेवारीत नदीच्या आणि धानाच्या बांध्यांच्या सखल भागात धुकं साचतं. शहरात स्वच्छ आभाळ असलं तरी कुहीच्या पुढे शंभर फुटांवरचं दिसत नाही, असं होतं. त्या दिवसांत नागपूरला सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. उजाडल्याशिवाय निघू नका, आणि धुकं असेल तर ते निवळेपर्यंत चहाच्या टपरीवर थांबा. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा. पहाटेच्या अंधुक उजेडात रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात. रोह्याची धडक म्हणजे घोड्याची धडक. शिवाय कुही-उमरेडच्या बाजूला कऱ्हांडल्याचं अभयारण्य आहे आणि वाघाला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. जिथे जंगल रस्त्याला टेकतं तिथे सूर्य चांगला वर आल्यावरच जायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर पडायचं. एकट्याने तर मुळीच उशीर करू नये. पेंचच्या बाजूला, पारशिवनी-नवेगाव खैरीच्या वर, हा नियम आणखी कडक पाळा. व्याघ्र प्रकल्पाच्या आत सायकल नेण्याचा तर प्रश्नच नाही.

नागपूर ते आंभोरा साधारण ७० ते ७५ किलोमीटर भरतं, आणि त्यातला शहराजवळचा, उमरेड रोडचा भाग कोळशाच्या ट्रकांचा आहे. त्यामुळे सायकल कारला बांधून कुहीपर्यंत न्या आणि तिथून सुरू करा. कुही, मांढळ, वेलतूर, आंभोरा आणि परत, असे ६५ ते ७० किलोमीटर होतात. ताशी १८ च्या वेगाने सकाळी सातला निघालेला माणूस नऊच्या सुमारास संगमावर असतो. परतताना मोठ्या गावांना बगल देणारा केशरी दगडांचा रस्ता घ्या. तो चार-पाच किलोमीटर लांब पडला तरी घ्या.

चढ-उताराची काळजी नको. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, गोसीखुर्दचं पूर्ण भरलेलं पाणी २४५.५ मीटरवर. एवढ्या अंतरात जेमतेम ६५ मीटरचा फरक. दम काढतो तो वारा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे आंभोऱ्याकडे जाताना पाठीवर आणि परतताना तोंडावर. जाताना वेग २४-२५ दिसला की पायांत आज ताकद आहे असं वाटतं, आणि मग परतीचे ३५ किलोमीटर संपता संपत नाहीत. अशा दिवशी जाताना घड्याळ बघून निम्मा नव्हे, ४० टक्केच वेळ खर्च करा आणि वळा.

टायर, काटे आणि पंक्चर

रोड बाइकचा २३ किंवा २५ मिलिमीटरचा टायर या रस्त्यांवर टिकत नाही. डांबराची खडी उघडी पडलेली असते, मधेच मुरूम, मधेच गावातला सिमेंट रस्ता आणि त्याच्या सांध्यांत दोन बोटांची फट. फ्रेममध्ये बसत असेल तर ३२ चा टायर घाला, नाहीतर निदान २८. पंचाहत्तर किलोच्या माणसाने ३२ च्या टायरमध्ये मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय हवा भरावी. २८ ला मागे ८०, पुढे ७०. हायब्रिडच्या ३५ ला मागे ५५, पुढे ४५ पुरे. दर दहा किलो वजनामागे चार-पाच पीएसआय कमी-जास्त करा. टायर दगडासारखा कडक केला की सायकल पळते असं वाटतं, पण उघड्या खडीवर ती उसळते, पकड सुटते आणि मनगटं भरून येतात. उलट हवा फार कमी असेल तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली जाते. तसं झाल्यास ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं शेजारी-शेजारी दिसतात. ती दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

इथला खरा शत्रू सराटा. जमिनीला चिकटून पसरणारी ही वेल, बारीक पिवळी फुलं, आणि फळाला चहूबाजूंनी काटे, त्यामुळे ते कसंही पडलं तरी एक काटा वर असतोच. पावसाळा संपला की फळं वाळतात आणि साइडपट्टीवर, शाळेच्या मैदानावर, बसथांब्याच्या मागे विखुरतात. डांबरावर चालत्या चाकाला तो क्वचितच लागतो. लागतो तो थांबताना, गवतात सायकल लोटताना. म्हणून थांबायचं तर डांबरावरच, अगदी कडेला, आणि आत न्यायची झाली तर सायकल उचलून न्या. पुन्हा निघण्याआधी दोन्ही चाकं उचलून एक फेरा फिरवा आणि टायरवर नजर टाका. सराटा दिसला तर लगेच ओढू नका. आधी घराजवळ असाल की दूर याचा विचार करा. काटा आत पोचला असेल तर तो ओढताच हवा जाते. पोचला नसेल तर तो तिथेच ठेवून चालवल्याने पोचेल. मोकळी, सावलीची जागा मिळाली की ओढा आणि थुंकी लावून बुडबुडा येतो का ते बघा.

बाभळीचा काटा वेगळा. शेताला काटेरी कुंपण करताना बाभळीची फांदी रस्त्यावरून ओढत नेतात, त्यातून तो पडतो. सरळ आत जातो आणि टायरच्या पृष्ठभागाशी मोडतो. बाहेरून काही दिसत नाही, हवा दहा-बारा किलोमीटर हळूहळू जाते, आणि नवी ट्यूब घातली की तीही जाते. एकाच ठिकाणी दोनदा पंक्चर होणाऱ्या सायकलींचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. त्यावर उपाय घरीच करून ठेवायचा: टायर बसवताना त्यावर छापलेलं कंपनीचं नाव बरोबर वालसमोर, म्हणजे हवा भरायच्या नळीसमोर, आणा. पंक्चर झालं की ट्यूब बाहेर काढा, हवा भरा, भोक शोधा आणि वालपासून ते किती वीत आहे ते मोजा. टायरवर छापलेल्या नावापासून तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, काटा शोधा. आतून बोट फिरवताना हळू, कारण टोक बोटात शिरतं. कापसाचा बोळा किंवा रुमाल फिरवला की धागा अडकतो आणि जागा कळते. मोडलेला काटा बोटाने निघत नाही, त्यासाठी भुवयांचा बारीक चिमटा जवळ हवाच. टायर आतून दाबून धरा, टोक बाहेर आलं की चिमट्याने सरळ ओढा. मग सबंध टायर एकदा पूर्ण फिरवून तपासा, कारण काटे एकटे येत नाहीत.

पॅच लावताना घाई केली की तो सुटतो. ट्यूब पॉलिश पेपरने पॅचपेक्षा अर्धा इंच जास्त घासा, शिवणीची उंच रेघ सपाट होईपर्यंत. सोल्युशनचा पातळ थर लावून चार-पाच मिनिटं पूर्ण सुकू द्या. बोट लावलं तर चिकटू नये, किंचित ओढावं एवढंच. मग पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच उन्हात तापलेल्या ट्यूबवरून सरकतो. म्हणून रस्त्यात ट्यूब बदलायची आणि पॅच घरी लावायचा. दोन नव्या ट्यूब जवळ ठेवा. सोल्युशनची उघडलेली ट्यूब काही महिन्यांत आतच वाळते, निघण्याआधी दाबून बघा.

गावातल्या दुकानावर फार भिस्त नको. तिथे "२८ ची ट्यूब" मिळते, पण ती जुन्या काळ्या सायकलच्या ६३५ मिलिमीटर रिमची. आपली ७०० सी रिम ६२२ ची. ६३५ चा टायर तिच्यावर बसतच नाही. ती ट्यूब अडीअडचणीला ३५-३८ च्या टायरमध्ये भरता येते, पण तिचा वाल जाड असतो, आणि रिमला प्रेस्टाचं, म्हणजे बारीक वालचं, भोक असेल तर तो आत जात नाही. त्या दुकानांतल्या कॉम्प्रेसरने हवा भरायची असेल तर प्रेस्टाचा पितळी अडॅप्टर खिशात हवा. कॉम्प्रेसरची हवा एका झटक्यात येते, म्हणून थोडी-थोडी भरा आणि टायर अंगठ्याने दाबून बघत राहा.

रस्त्यावर

ग्रामीण रस्त्याची डांबरी रुंदी साधारण पावणेचार मीटर. टिप्पर अडीच मीटरचा. म्हणजे समोरून टिप्पर आला तर तुमच्यासाठी सव्वा मीटर उरतं, तेही तो अगदी कडेला घेईल तेव्हा. तो घेत नाही. म्हणून अवजड गाडी दोनशे मीटरवर दिसली की वेग कमी करा, चांगली जागा बघून खाली उतरा आणि गाडी जाऊ द्या. दोघं-तिघं असाल तर एकामागे एक. हँडलला आरसा लावलेला असला की मागून येणारी गाडी आधी कळते. ऊस, कापूस किंवा तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेल्या ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंचं काही दिसत नसतं, हे धरून चाला.

खाली उतरतानाच बहुतेक जण पडतात. साइडपट्टी पावसाने खचून डांबराच्या कडेला दोन-चार इंचांची पायरी तयार झालेली असते. उतरताना चाक वळवून तिरकं न्या. पुन्हा वर येताना मात्र चालत्या सायकलवर प्रयत्न करू नका. कडेला समांतर घासत वर चढायला गेलं की पुढचं चाक अडकतं आणि माणूस रस्त्याच्या मध्ये पडतो. थांबा, सायकल उचलून डांबरावर ठेवा, निघा.

वळणावर रेती सांडलेली दिसली तर वळणाआधीच वेग उतरवा. रेतीवर पुढचा ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचं नाही, वजन थोडं मागे घेऊन पायडल हलकं चालू ठेवायचं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धान कापलं की ते वाळायला डांबरावर पसरतात. त्यावरून सायकल नेऊ नका. दाणा फुटतो, आणि वर्षभराची मेहनत तिथे अंथरलेली असते. उतरून कडेने हातात सायकल धरून जा. तणीस पडलेली असेल तर ती मागच्या गिअरमध्ये गुंडाळली जाते. खर्रखर्र आवाज आला की लगेच पायडल थांबवा. जोर लावला की डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर वाकतो किंवा मोडतो, आणि मग वेलतूरहून कुहीपर्यंत ढकलत यावं लागतं. जानेवारी ते मार्च मांढळ-कुहीकडे मिरचीचे सातरे, म्हणजे मिरची वाळवायची मैदानं, लागतात. लाल रंग अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो. वारा त्या बाजूने असेल तर नाकावर दुपट्टा आधीच बांधा, कारण ठसका लागला की हँडल हलतं. मिरची फिरवणाऱ्या, देठ खुडणाऱ्या बायांना दिवसभर तेच श्वासात घ्यावं लागतं.

कुत्रं मागे लागलं तर पळू नका. उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा आणि सावकाश चाला. गाव संपलं की ते परत जातं.

रपटे आणि नहर

पावसाळ्यात नाल्यांवरचे रपटे, म्हणजे पाणी वरून जाऊ शकेल असे बुटके पूल, हा सगळ्यात जीवघेणा धोका. रस्त्याच्या वर पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही, ते घोट्याएवढं असलं तरी. वाहतं पाणी चाकाला आडवं ढकलतं आणि रपट्याला कठडा नसतो. पेंचवरच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांचे दरवाजे उघडले की कन्हानला एका दिवसात पाणी चढतं, तुमच्याकडे पाऊस पडलेला नसला तरीही. त्या दिवशी काठाकडे जाऊच नका. पाणी ओसरल्यावरही आठवडाभर रपट्यावर हिरवं शेवाळ राहतं. त्यावरून सरळ रेषेत, ब्रेक न लावता, पायडल न मारता निघून जा. भरवसा वाटत नसेल तर उतरून चाला.

पेंच प्रकल्पाच्या नहराची, म्हणजे कालव्याची, पाळ सायकलीला मोहात पाडते: सपाट, झाडांची सावली, एकही गाडी नाही. कोरडी असताना मुरमावर ३५ चा टायर असेल तर छान चालते, पण ती पाटबंधारे विभागाची वाट आहे. दरवाजा बंद असेल तर परत फिरा. हात धुवायला नहरात उतरू नका. सिमेंटचा उतार ओला असला की त्यावर पाय ठरत नाही, आणि आत पडलेल्या माणसाला धरायला काहीच नसतं. पाऊस झालेला असेल तर पाळ टाळा. काळी माती ओली झाली की पन्नास मीटरमध्ये ब्रेक आणि फोर्क यांच्या मधली सगळी जागा भरून टाकते आणि चाक फिरत नाही. तसं झालं तर ओढू नका, सायकल उचलून गवतावर न्या आणि तुरीची वाळलेली काडी मोडून माती खरवडून काढा.

पाणी आणि पोट

थंडीत तासाला अर्धा लिटर, मार्चपासून पाऊण ते एक लिटर. नदीचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी बाटलीत भरू नका. नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हानलाच मिळतं. गावात आरओचं केंद्र किंवा बोरिंग विचारा, कोणी नाही म्हणत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की घरचं ओआरएस तयार, चमचा चहाचाच. सकाळी तर्री-पोहे खाऊन लगेच सायकलवर बसू नका, वीस किलोमीटरनंतर घशाशी येतात, ते परतल्यावर. निघताना दोन केळी, आणि दर तासाला मूठभर गूळ-शेंगदाणे किंवा एक संत्रं. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला, बोलणं अडखळायला लागलं तर ते ऊन लागल्याचं लक्षण आहे. सावली, ओला दुपट्टा डोक्या-मानेवर, आणि १०८ ला फोन. नदीच्या खोलगट भागात नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि घरी कोणता रस्ता, किती वाजेपर्यंत, ते सांगून जा.

परतल्यावर आंघोळीआधी दहा मिनिटं सायकलला द्या. चेन कोरड्या फडक्याने पुसा, रेतीच्या धुळीवर नवं तेल घातलं की तिचा पॉलिश पेपर होतो. आधी पुसायचं, मग प्रत्येक कडीवर एक थेंब, मग वरचं तेल पुन्हा पुसून घ्यायचं. ब्रेक पॅडमध्ये रुतलेले खडीचे कण टाचणीने काढा, नाहीतर ते रिम कापतात. शेवटी टॉर्च तिरका धरून दोन्ही टायर सावकाश फिरवा. चार-दोन सराट्यांची टोकं अर्धवट रुतलेली हमखास सापडतील, ती चिमट्याने काढून कागदात गुंडाळून टाका. अंगणात पडू देऊ नका.